यमुनाबाईची डबल सायकल

नळावर यमुनाबाई आली की बायांचं भांडण थोडा वेळ थांबायचं. ती कोणावर ओरडायची नाही. घागर रांगेत ठेवायची, पदर कमरेला खोचायची आणि काय चाललंय ते बघत उभी राहायची. तिच्या नुसत्या बघण्यानं भांडणारीला वाटायचं की आपलं जरा जास्तच लांबलं.

मी कुहीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन नागपूरच्या त्या वस्तीत आले तेव्हा मला नळावर भांडता येत नव्हतं. आजही येत नाही. माझी घागर रोज मागे सरकायची, आणि नळ गेला की मी अर्धी घागर घेऊन घरी यायची. एके दिवशी यमुनाबाईनं माझी घागर उचलली आणि आपल्या घागरीच्या पुढे ठेवली.

"हे कोणाची सून हाय वं?" तिनं विचारलं.

मी हळूच घरचं नाव सांगितलं. ते तिला ऐकू गेलं नसावं.

"तोंड नाही का तिले?" मागची एक बाई म्हणाली.

"तोंड हाय," यमुनाबाई म्हणाली, "पण ते घरी ठेवून येते. पाणी भरू दे तिले."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. त्या दिवसापासून माझी घागर कोणी सरकवली नाही, आणि मी यमुनाबाईच्या घरी जायला लागले.

ती उंच होती, हाडानं मोठी. नऊवारी लुगडं नेसायची, कासोटा घट्ट. हातावर हिरवं गोंदण होतं. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात ती कामाला होती आणि धागा सारखा बोटांतून गेल्यानं तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांत मीठ-तिखट गेलं की झोंबायचं, म्हणून भाजी ती काडीनं ढवळायची, हातानं मीठ टाकायची नाही, चमच्यानं टाकायची. "कशी आहेस" असं तिनं कोणाला विचारलेलं मला आठवत नाही. "उरकलं का?" एवढंच विचारायची. कोणी आपलं दुःख सांगायला बसलं तर ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बरं. मंग आता काय करतं, ते सांग." पुष्कळ बायांना ते आवडायचं नाही. त्यांना रडायचं असायचं.

माझ्याकडे आली की रिकाम्या हातानं बसायची नाही. सुपात तांदूळ दिसले की ओढून घ्यायची आणि बोलता बोलता खडे काढून टाकायची. मी नको म्हणायची. तिला ते ऐकूच जायचं नाही.

तिचा नवरा दौलतराव त्याच गिरणीत होता, कापूस पिंजतात त्या खात्यात. एकच मुलगी, शांती, ती लग्न करून बल्लारशाला दिलेली. ही त्यांना "शांतीचा बाप" म्हणायची आणि ते हिला "शांतीची माय". माझे मालक दौलतरावांना दादा म्हणायचे, म्हणून माझ्यासाठी ते भासरे, म्हणजे मोठे दीर झाले. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेते, बाजूला उभी राहते, त्यांच्याशी बोलत नाही. इतकी वर्षं मी त्या घरात गेले, बसले, जेवले, पण दौलतरावांशी एक शब्द बोलले नाही. तेही माझ्याकडे न बघता बोलायचे. मी समोर बसलेली असायची आणि ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "शांतीची माय, त्या सुनेले म्हण, चहा पिऊन जाय." यमुनाबाई माझ्याकडे वळून म्हणायची, "ऐकलं ना? भिंत म्हणते, चहा पी."

दौलतराव सडपातळ होते, बोलायला गोड. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. आंघोळ केली तरी कानामागे एखादा राहायचाच. छातीतही तसाच साचत गेला असावा. आधी सकाळी खोकला यायचा, मग दिवसभर यायला लागला. मग दम.

गिरणी रेल्वेच्या पलीकडे होती. मधे पूल, आणि पुलाला चढ. नवरा सायकल चालवायचा, ही मागे कॅरियरवर एका अंगाला बसायची, मांडीवर दोघांचे डबे. आधी ते तिला घेऊन पूल चढून जायचे. मग चढाला ती उतरायला लागली. मग तेही उतरायला लागले. नंतर नंतर पुलाच्या खाली पानठेल्यावर थांबायचे, पान खायच्या निमित्तानं श्वास घ्यायचे. तोवर भोंगा होऊन जायचा. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, विचारायचा, "काय गा दौलत, दम लागते का?" ते म्हणायचे, "नाही जी, चेन उतरली होती." चेन रोज कशी उतरेल?

तांदूळ निवडता निवडता यमुनाबाईनं मला एकदा तिच्या वडिलांचं सांगितलं.

"माहा बाप बी गिरणीतच होता. छातीचं निघालं तं घरी बसवला त्याले. पहिले दाराशी बसे. भोंगा झाला का लोक जात, तं त्याइच्याकडे पाहे. मंग पाहणं सोडलं. मंग जेवण सोडलं. पावसाळा नाही काढला त्यानं." तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "खोकल्यानं नाही मरत वं माणूस. घरी बसल्यानं मरते."

मी सुपात आणखी मूठभर तांदूळ टाकले.

"शांतीच्या बापाले मी नाही बसू देत," ती म्हणाली.

ते तिनं ठरवलंच होतं. नवरा आपल्या पायांनी गेटात शिरला पाहिजे, चारचौघांत, जोवर त्याची नोकरी पुरी होत नाही तोवर. पण शिरायचा कसा? बस दुसऱ्याच बाजूनं फिरून जायची. रोजचा रिक्षा आमच्यासारख्यांच्या घरात कोणाला परवडत नव्हता. यमुनाबाई एकदा म्हणाली, "मी शिकतो सायकल. तुमी मागं बसा." दौलतराव रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अन् गेटावर?" तिला ते लगेच कळलं. बायको पायडल मारते आणि नवरा कॅरियरवर बसून येतो, हे गेटावर एकदा दिसलं असतं तर त्यांना घरी बसवायला गिरणीच्या डॉक्टरची गरजच राहिली नसती. दौलत संपला, असं सगळं खातं त्याच दिवशी म्हणालं असतं.

अशात एका रविवारी ती शहरातल्या सदर भागात कोणाच्या तरी कामाला गेली होती. तिथं तिनं एक ख्रिस्ती मास्तर आणि त्यांची बायको एका लांब सायकलवरून जाताना पाहिले. दोन सीट, एकामागे एक, पायडलही दोघांना. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं मला बाजूला घेतलं.

"दोघंही पाय मारत होते वं, इंदू. कोण ओढून राहिलं, काही समजत नव्हतं."

मला वाटलं ती गंमत सांगते आहे. मी हसले. ती हसली नाही.

बब्बूभाई मिस्त्रीचं दुकान आमच्या वस्तीच्या तोंडाशी होतं. कामठीच्या छावणीतून कोण्या साहेबाची तसली सायकल त्यानं कधी तरी भंगारात घेतली होती. तिचा नुसता सांगाडा भिंतीला टेकून पडलेला असायचा, त्यावर तो ट्यूब वाळत घालायचा. यमुनाबाईनं ते हेरलं होतं. ती पाहायला ते दोघं गेले तेव्हा मलाही घेऊन गेली. "दोन बाया असल्या का मिस्त्री नीट बोलते," म्हणाली. मी डोक्यावर पदर घेऊन दुकानाबाहेर लिंबाखाली उभी राहिले.

"सर्कस में जाना है क्या, भाभी?" बब्बूभाईनं विचारलं.

"गिरणीत जाचं हाय," यमुनाबाई म्हणाली. "चाक गोल हायेत ना? मंग झालं."

बब्बूभाईनं सांगाडा उजेडात आणला. मागच्या सीटचा दांडा खाली वाकवलेला होता, मडमेच्या झग्यासाठी. दौलतराव त्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "हे बरं हाय, शांतीची माय. तुले चढाले सोपं." ती म्हणाली, "मले कासोटा हाय. मले काय वर अन् काय खाली." तरी त्यांना ते आवडलेलं पाहून ती गप्प बसली.

मग पायडलची गोष्ट निघाली. बब्बूभाई म्हणाला, "देखो, दो तरीके से बनेगी. एक में दोनों के पैडल साथ घूमेंगे. एक ने मारा तो दूसरे के पाँव अपने आप घूमेंगे, मारे चाहे न मारे. दूसरे में दोनों का अलग कर देता हूँ. जो थक गया वो पाँव रोक ले, दूसरा खींचता रहे. आराम की चीज है."

"ते दुसरं करा," दौलतराव लगेच म्हणाले. "हे दिवसभर उभी राह्यते मशिनीपुढं. थकली तं पाय थांबवन."

"नाही," यमुनाबाई म्हणाली. "पहिलं."

"काहून?"

"दोघांचे पाय संगंच फिरले पाहिजे."

"अवं पण थकशीन तू."

"थकली तं थकली. एकाचे पाय चालते अन् एकाचे थांबते, असं नाही पाहिजे मले."

बब्बूभाईला मजा वाटली. "समझे क्या, भाईसाब? भाभी को डर है, आप आगे बैठ के आराम करोगे और बोझा इनके पाँव पे."

दौलतराव हसले. यमुनाबाईही हसली, आणि तिनं ते खोडून काढलं नाही. मी लिंबाखालून दौलतरावांचा चेहरा बघत होते. हसणं संपल्यावर त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं. तू म्हनशीन तसं."

रंग कोणता द्यायचा ते विचारल्यावर दौलतराव हिरवा म्हणाले आणि यमुनाबाई काळा म्हणाली, काळ्यावर मळ दिसत नाही म्हणून. काळा दिला. पण एक गोष्ट दौलतरावांनी तिला न विचारता करून घेतली. सायकल आणायला गेलो तेव्हा मागच्या सीटपुढे हातांनी धरायच्या दांड्यावर एक घंटी बसवलेली होती. मागच्या माणसाला घंटी कशाला, असं मिस्त्रीही म्हणाला होता म्हणे.

"तुह्यासाठी हाय ते," दौलतराव म्हणाले. "थकली का वाजवजो. मी थांबतो."

यमुनाबाईनं अंगठ्यानं एकदा वाजवून पाहिली. आवाज चांगला होता.

शाळेच्या मैदानावर त्यांनी ती शिकली. तिला साधी सायकलही येत नव्हती. चढताना दोघांना एकदम पाय टाकावा लागायचा आणि ते काही जमायचं नाही. ते उजवा टाकायचे, ही डावा. एकदा तर दोघंही सायकलसकट गोलपोस्टवर जाऊन पडले. बघायला सगळी वस्ती जमलेली. एक पोरगा ओरडला, "राजा-राणीची सवारी आली गा, रस्ता सोडा." यमुनाबाई गुडघ्याची माती झटकत उठली आणि म्हणाली, "तू बी ये. मधात जागा हाय." त्या दिवशी ती जशी हसली तशी मी तिला पुन्हा फारशी हसताना पाहिली नाही.

पुढं रोज सकाळी ते जायला लागले. आमच्या दारासमोरून रस्ता होता. दौलतराव पुढे ताठ बसलेले, हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, मागे यमुनाबाई कमरेत वाकलेली. चारही पाय बरोबर फिरायचे. पानठेल्यावर आता ते थांबत नसत. पूल चढून जायचे, भोंग्याच्या आधी गेटावर पोचायचे. गिरणीतले लोक आधी हसले, मग सवय झाली. एकदा जॉबर म्हणाला, "दौलत, या वयात बी बायकोले ओढून राहिला गा. छाती हाय तुही." हे मला सांगताना यमुनाबाईनं पदर तोंडाला लावला होता. तिला इतका आनंद झालेला होता की तिनं माझे सगळे तांदूळ निवडून टाकले आणि वर डाळही मागितली.

त्याच सुमारास तिचे पाय जड व्हायला लागले. ती दुखतात म्हणायची नाही, जड झाले म्हणायची. संध्याकाळी मी तेल गरम करून न्यायची आणि तिच्या पोटऱ्या चोळून द्यायची. पोटऱ्या लाकडासारख्या कडक. बोट रुतायचं नाही. दौलतराव त्या वेळी वस्तीतल्या बुद्धविहारात गेलेले असायचे.

"चढावर तरी थोडं हळू मारत जा," मी एकदा म्हटलं.

"हळू मारलं तं सायकल थांबते."

"ते मारतात ना पुढून."

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याइचे पाय फिरते."

मला कळलं नाही.

"फिरते फक्त. मी मारतो म्हणून फिरते. पायावर जोर आला का नाही, ते मागं समजते वं. चेनमधून समजते. पुलावर त्याइचा जोर नसतेच." तिनं पाय ओढून घेतला. "बोलू नको कोणापाशी. त्याइले वाटते, तेच ओढून राहिले. वाटू दे."

मी कोणापाशी बोलणार? आणि ज्यांना सांगायचं त्यांच्याशी तर माझं बोलणंच नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. शांतीला मुलं झाली, यमुनाबाईचे केस पिकले. उन्हाळ्यात पूल तापायचा, डांबर चाकाला चिकटायचं, आणि त्या दिवसांत ती घरी आली की आधी ओसरीवर टेकून उभी राहायची, मग आत जायची. "उरकलं का?" हे सुद्धा कधी कधी विचारायची नाही. मी तिला एकदा म्हटलं, चार दिवस रजा घे. म्हणाली, "मी रजा घेतली तं हे कशावर जातीन?" तापातही गेलेली आहे ती. मी पाहिलं आहे.

शेवटी व्हायचं ते झालं. गिरणीत डॉक्टरनं म्हाताऱ्या कामगारांना तपासायला बोलावलं. दौलतरावांच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. घरी आराम करा म्हणाला. नोकरी पुरी व्हायला अजून वेळ होता. त्या दिवशी दोघं सायकल हातात धरून चालत आले. एकानं पुढून धरलेली, एकीनं मागून.

संध्याकाळी यमुनाबाई नळावर आली नाही. मी तिची घागर भरून घेऊन गेले. चूल पेटलेली नव्हती. ती चुलीसमोर बसली होती.

"आता झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जायला लागली, पायी. ती लांबलचक सायकल एका माणसाला जड होती, आणि एकटीनं त्यावर बसून जायला तिला नकोही वाटलं असेल. परत येताना आधी माझ्या दाराशी थांबायची.

"दाराशी बसले होते का?"

"नाही."

"रस्त्याकडे पाहत होते?"

"नाही, बाई."

"जेवले?"

मला तिच्यासाठी लक्ष ठेवायला लागायचं. पण दौलतराव दाराशी बसतच नव्हते. पहिले काही दिवस ते नुसते झोपले. मग उठून अंगण झाडायला लागले. मग चूल पेटवायला लागले. भाकरी थापायला शिकले. पहिल्या पहिल्या भाकरीचे काठ फाटायचे, नंतर चांगल्या जमायला लागल्या. दुपारी विहारात जाऊन बसायचे, चार म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे. खोकला होता, पण चेहऱ्यावर जरा मांस आलं. कानामागचा कापूस गेला. यमुनाबाई हे सगळं बघत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. आभाळ मोकळं दिसलं तरी वाळवण आत घेणारी बाई असते, तशी ती होती. पावसाळा येऊन गेला. हिवाळा लागला. माणूस होता तसाच होता, उलट जरा सुधारलाच होता.

एका रविवारी मी त्यांच्याकडे परात परत द्यायला गेले. दौलतरावांनी वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "शांतीची माय, सुनेले वाढ." मी पदर पुढे ओढून बसले. तिघंही जेवत होतो. ते मजेत होते. भिंतीशीच बोलल्यासारखं बोलायला लागले.

"बरं झालं त्या डाक्टरनं सोडलं. मी तं कधीचाच कंटाळलो होतो."

"कशाले?" यमुनाबाईनं विचारलं.

"जायले. त्या कापसाले. त्या पुलाले. पहिले दम लागला ना, पानठेल्यावर, तवाच वाटलं होतं, आता बस झालं. घरी बसतो."

"मंग बोलले काहून नाही?"

"कसा बोलू? तू सायकल केली. अन् मिस्त्रीपुढं म्हटलं ना, एकाचे पाय चालते अन् एकाचे थांबते, असं नाही पाहिजे. मी म्हटलं, हिले वाटते, मी घरी बसन अन् हे एकलीच राबन. खरंच होतं ते. तं मंग चाललो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "घंटी देल्ली होती तुले लावून. रोज वाटे, आज थकन, आज वाजवन. मंग मी म्हणन, चाल, दोघंही सोडू, शांतीकडे जाऊ चार महिने. तू एक डाव नाही वाजवली. माहे कान मागंच राहे, पूल संपेपर्यंत."

यमुनाबाईच्या हातात घास होता. तो तिनं खाली ठेवला नाही, तोंडातही घातला नाही. मी मान वर केली नाही. मला एवढंच दिसत होतं, तिचा हात आणि ताट.

"मीठ जास्त झालं का वं भाजीत?" दौलतरावांनी भिंतीला विचारलं.

"नाही," यमुनाबाई म्हणाली. "बरोबर हाय." आणि तो घास तिनं खाल्ला. सगळं ताट संपवलं. पायडलचं, पुलाचं, ती काहीच बोलली नाही. मी बाहेर निघाले तेव्हा ती भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी नळावर आली. घागर रांगेत ठेवली आणि नळाच्या ओट्यावर बसली. बसलेली बघून बायांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"माहे पाय दुखून राहिले वं, इंदू," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हा शब्द तिनं पहिल्यांदा काढला. मी तिची घागर भरली आणि तिच्या घरी नेऊन ठेवली. ती मागून हळू हळू आली. दौलतरावांना तिनं पुढं कधी काही सांगितलं का, ते मला माहीत नाही. मला वाटतं, सांगितलं नसावं. कोणाला काय मिळालं असतं त्यातून?

सायकल बब्बूभाईनं परत घेतली. म्हणाला, मधून कापून एक साधी करीन. घंटी दौलतरावांनी काढून घेतली, शांतीच्या पोराला खेळायला.

यमुनाबाई पायीच जात राहिली, तिची नोकरी संपेपर्यंत. आता ती पुलावर मधे मधे थांबायची, असं माझे मालक सांगायचे. कठड्याला हात लावून खाली गाड्या बघत उभी राहायची. घाई दिसायची नाही.

तिचं काम सुटलं त्याच उन्हाळ्यात माझ्या मालकांची बदली झाली आणि आम्हाला वर्ध्याला जायचं ठरलं. सामान बांधून झालं. मी तिला भेटायला दुपारी गेले. माहेरून आलेला नवा तांदूळ थोडा बांधून घेतला होता, साफ करून. बाहेर ऊन असं होतं की कावळेही बोलत नव्हते.

दार उघडं होतं. दारातच, वाऱ्याच्या तोंडाशी, जमिनीवर यमुनाबाई झोपली होती. पदर सरकलेला, केस सुटलेले, तोंड थोडं उघडं. एक पाय लांब, एक पोटाशी. घोरत होती, बारीक. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली पाहिली नव्हती. चेहरा तिचा वाटतच नव्हता, शांतीसारखा दिसत होता.

तिच्या पायाशी दौलतराव उलट्या डब्यावर बसले होते. हातात ताडाचा पंखा होता. खोकला आला की तोंडावर उपरणं दाबून ते तो आतल्या आत जिरवत होते आणि दुसऱ्या हातानं वारा घालतच होते. मी उंबऱ्याबाहेर थांबले, पदर ओढला. त्यांनी मान वर केली. भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे वं, पोरी," ते हळूच म्हणाले.

मी तांदूळ उंबऱ्यावर ठेवला. वाहणा पायातून काढून हातात घेतल्या आणि तशीच परत निघाले. अंगण तापलेलं होतं.